तीस दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा की सोडायचा?

डिचोलीची_अनघा
गुरुवार, ३० जानेवारी २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. डिचोली बाजारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, माहिती अधिकाराचे कागद असं सगळं टाइप करून देते. कागदाबरोबर लोक तारखाही विचारतात. "बाय, हें केन्नामेरेन दिवंक जाय?" म्हणजे, हे कधीपर्यंत द्यायला हवं? मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवून सांगते. इतकी वर्षं असंच चाललं.

आज दुपारी मयेहून एक मामा आले. माहिती अधिकाराच्या अर्जाला त्यांना अर्धवट उत्तर आलंय. ते उत्तर ३१ डिसेंबरला त्यांच्या हातात पडलं. पहिलं अपील तीस दिवसांच्या आत करायचं असतं. मी म्हटलं, ३१ला मिळालं म्हणजे ३१पर्यंत मुदत, उद्या सकाळी या, नीट टाइप करून देते. ते गेले. रात्री जेवणं उरकल्यावर मनात पाल चुकचुकली म्हणून कॅलेंडर काढलं. एकदा मोजलं तर २९ जानेवारी आली, दुसऱ्यांदा ३०. म्हणजे काही झालं तरी मुदत उद्यापर्यंत नाहीच.

माझ्या शब्दावर विसंबून म्हातारा माणूस घरी गेला. त्यांचं काय करू, हे आधी सांगा. आणि दिवस, महिने, वर्षं पुढे-मागे मोजायची खात्रीची रीत कोणती, तेही हवंय. उद्या दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको.

काळा_कोट_म्हापसा
गुरुवार, ३० जानेवारी २०२५, रात्री १०.०५

अनघाताई, आधी मामांचं. मुदत आज संपली. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ९ सांगतं की कायद्यात 'अमुक तारखेपासून' असं आलं की ती तारीख सोडायची, आणि 'अमुक तारखेपर्यंत' आलं की ती धरायची. ३१ डिसेंबर सोडा. १ जानेवारी पहिला दिवस, ३० जानेवारी तिसावा. तुम्हाला २९ आली तेव्हा तुम्ही ३१ डिसेंबरही धरला होता.

पण घाबरू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १९(१)मध्येच सोय आहे. उशिराला पुरेसं कारण असेल तर अपील अधिकारी मुदतीनंतरही अपील दाखल करून घेऊ शकतो. उद्या सकाळी अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि कारण खरं तेच लिहा, मुदत मोजण्यात चूक झाली म्हणून. एका दिवसाचा उशीर आहे. आवक शिक्का उद्याचाच पडला पाहिजे, परवावर ढकलू नका.

आता तुमच्या चुकीचं मूळ. तुम्ही 'तीस दिवस' वाचलंत आणि मनात 'एक महिना' मोजलात. कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, मग तो २८चा असो की ३१चा. ३१ डिसेंबरपासून एक महिना असं लिहिलेलं असतं तर तुमचं ३१ जानेवारी बरोबर होतं. हिमाचल टेक्नो इंजिनीयर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच स्पष्ट केलं, की लवाद कायद्यातले 'तीन महिने' म्हणजे ९० दिवस नव्हेत. कागदावर कोणता शब्द आहे, तो बोट ठेवून वाचायचा. मोजणं त्यानंतर.

डिचोलीची_अनघा
गुरुवार, ३० जानेवारी २०२५, रात्री १०.२०

वकीलदादा, खूप आभार. मामांना आत्ताच फोन केला. सकाळी पहिल्या बसने येतात म्हणाले.

पणजी_अकाउंट्स
गुरुवार, ३० जानेवारी २०२५, रात्री ११.१०

मी हिशेबाच्या कामात आहे. एक्सेल वापरणाऱ्यांसाठी लिहितो, कारण ही धरायची-सोडायची चूक मशीनवरही तशीच होते.

एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे साधा क्रमांक असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून दररोज एक वाढतो. गोवा मुक्तीचा १९ डिसेंबर १९६१ हा त्याच्या लेखी २२६३४. म्हणून तारखेत ३० मिळवले की तीस दिवसांनंतरची तारीख येते, वजा केले की मागची. मामांच्या ३१ डिसेंबरमध्ये ३० मिळवले असते तर ३० जानेवारी आली असती. बेरीज पहिला दिवस आपोआप सोडते.

गोची होते वजाबाकीत. आपल्याकडे ट्रॉलरची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. ३१ जुलैमधून १ जून वजा करा, उत्तर ६०. पण होड्या किनाऱ्याला राहतात ते दिवस जूनचे ३० आणि जुलैचे ३१, म्हणजे ६१. वजाबाकी दोन तारखांमधलं अंतर सांगते, दिवसांची संख्या नाही. दोन्ही टोकं धरायची असतील तर एक मिळवावा लागतो. आमच्याकडे एकाला ट्रॉलरवरच्या खलाशांचे दिवस काढून दिले होते, त्यात मी हा एक विसरलो होतो. प्रत्येक खलाशाचा एकेका दिवसाचा पगार कमी धरला गेला. कळल्यावर दिला, पण तोवर चार जणांचे चेहरे पडलेले मी पाहिले होते.

महिने मिळवायला ईडेट हे फंक्शन आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की ते २८ फेब्रुवारी देतं, कारण फेब्रुवारीत ३१ नाही. इथवर ठीक. पण त्या २८ फेब्रुवारीत पुन्हा एक महिना मिळवला तर २८ मार्च येतो आणि तुमची ३१ कायमची हरवते. हप्त्यांचा तक्ता करताना मागच्या हप्त्यात महिना मिळवत जाऊ नका. दर वेळी मूळ तारखेपासून मोजा: ३१ जानेवारी अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन. मग २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल असं नीट येतं. याच कारणाने महिना मिळवून परत वजा केला तर निघालो तिथे पोचूच असं नाही. ३१ मार्च वजा एक महिना २८ फेब्रुवारी, आणि २८ फेब्रुवारी अधिक एक महिना २८ मार्च.

ही रीत संगणकाने आणलेली नाही. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम २३मध्ये उदाहरणच दिलंय: २९ जानेवारी १८७८ची हुंडी, एक महिन्याने देय. त्या फेब्रुवारीत २९ नव्हती, म्हणून महिना २८ला संपला असं धरायचं, आणि त्यानंतर सवलतीचे तीन दिवस.

आणखी एक. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/१२ लिहिलेलं तो १२ मार्च समजतो. आपण लिहिलेला असतो ३ डिसेंबर, सायबाच्या म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचा दिवस. महिना अक्षरात लिहावा, मग हा घोळ होत नाही.

माशेलची_माय
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, सकाळी ६.३०

अनघा बाळ, तुझी चूक मला परकी वाटली नाही. आपली भाषाच पहिला दिवस धरून मोजते. आज शुक्रवार. 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की माणूस पुढच्या शुक्रवारी येतो. नुसती बेरीज केली तर ते सातच दिवस, पण आपण आजचाही मोजतो म्हणून आठ. पंधरवड्याचंही तेच. घरात कुणी गेलं की तो दिवस पहिला, त्यावरून दहावा, बारावा, तेरावा. बारावा म्हणजे त्या तारखेत अकरा मिळवायचे. माझ्या यजमानांच्या वेळी मुंबईच्या पुतण्याने बारा मिळवून तिकीट काढलं आणि तो तेराव्याला पोचला. फार हळहळला बिचारा. ते दुःख अजून त्याच्या मनातून गेलेलं नाही.

माझे वडील पोर्तुगीज शाळेत शिकलेले. ते सांगायचे की पोर्तुगीजही असंच मोजतात. आठवड्याला 'ओयतु दीयश' म्हणजे आठ दिवस, पंधरवड्याला 'कींझि दीयश' म्हणजे पंधरा. सोमवारला 'सगुंद फैर', म्हणजे दुसरा, कारण रविवार पहिला धरलेला. तेव्हा गोव्यातल्या माणसाने पहिला दिवस धरला तर नवल काय?

तारवटी_बेतूल
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, सकाळी ७.१५

माय, अगदी खरं. सायबाच्या फेस्ताआधीच्या नोव्हेनाचं, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचंही तसंच. २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, धरून मोजले तर नऊ, वजाबाकी केली तर आठ. आणि सायबाचं आत्ता झालेलं शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी. सगळीकडे ४५ दिवस म्हणत होते. नोव्हेंबरचे १०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ५, म्हणजे दर्शनाचे दिवस ४६. अंतर ४५.

आम्हा तारवटींना, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांना, हा एक दिवस फार जड जातो. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलं तर माणूस रहिवासी धरला जातो आणि बाहेरच्या पगारावर कर लागतो. जहाजावर पोरं एकमेकांना सांगतात, १८३ दिवस बाहेर काढले की झालं. मोजून बघा. ३६५मधून १८३ गेले की उरतात १८२, म्हणजे तुम्ही रहिवासी झालात. बाहेर किमान १८४ हवेत. ज्या आर्थिक वर्षात २९ फेब्रुवारी येते, जसं २०२३-२४, त्यात १८५. दिवस मोजायचे ते सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेवर, जहाजावर चढल्याची आणि उतरल्याची जी नोंद असते तिच्यावरून, विमानाच्या तिकिटावरून नाही.

पॅसिफिकमध्ये तारीखही हलते. जपानकडून अमेरिकेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तीच तारीख पुन्हा लागते, उलट येताना एक तारीख गळते. माझ्या एका वाढदिवसाची तारीख अशीच गळली होती. आईने घरी देवाकडे दिवा लावला होता आणि माझ्या डायरीत ती तारीखच नव्हती.

मास्तर_पेडणे
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, सकाळी १०.००

छत्तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मशीन जवळ नसताना तारीख कशी काढायची, ते मुलांना यायलाच हवं.

मुठीवरची रीत सगळ्यांना ठाऊक असते. उंचवट्यावरचा महिना ३१चा, खळगीतला कमी. ती पक्की झाली की बेरीज टप्प्याटप्प्याने करायची, दर टप्पा महिनाअखेरीचा. १९ डिसेंबरनंतर १०० दिवसांनी कोणती तारीख? डिसेंबरअखेरपर्यंत १२. जानेवारी धरून ४३. साध्या वर्षाचा फेब्रुवारी धरून ७१. उरले २९, म्हणून २९ मार्च. मागे जातानाही महिनाअखेर गाठत जायचं. ३ डिसेंबरच्या ४५ दिवस आधी? तीन मागे गेलं की ३० नोव्हेंबर. आणखी तीस गेले की ३१ ऑक्टोबर. उरलेले बारा गेले की १९ ऑक्टोबर. मुलं चुकतात ती मागे जाताना, कारण ज्या महिन्यातून बाहेर पडायचं त्याचे दिवस घ्यायचे की ज्यात शिरायचं त्याचे, हा गोंधळ होतो. ३० नोव्हेंबरवरून ३१ ऑक्टोबरवर जाताना नोव्हेंबरचे तीस दिवस सरतात. बाहेर पडतो त्याचेच घ्यायचे.

आता पडताळा. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, ३० मे १९८७ला घटक राज्य झालं. मध्ये दिवस किती? १९ डिसेंबर १९८६पर्यंत २५ वर्षं. २५ गुणिले ३६५ म्हणजे ९१२५. त्यात १९६४, ६८, ७२, ७६, ८०, ८४ असे सहा लीप दिवस, म्हणजे ९१३१. तिथून ३० मेपर्यंत १२, ३१, २८, ३१, ३० आणि ३०, मिळून १६२. एकूण ९२९३. हे बरोबर कशावरून? सातने भागा, बाकी ४. मुक्तीचा दिवस मंगळवार होता. मंगळवारपुढे चार वार म्हणजे शनिवार, आणि ३० मे १९८७ला शनिवारच होता. वार जुळला की उत्तर एका दिवसाने चुकलेलं नाही एवढं नक्की कळतं, आणि तारखांतली बहुतेक चूक एका दिवसाचीच असते. मामांच्या वेळीही हे करता आलं असतं. ३१ डिसेंबर मंगळवार. तीसला सातने भागून बाकी दोन, म्हणून मुदत गुरुवारी संपणार. तुम्ही त्यांना शुक्रवारी बोलावलंत.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावर झालेल्या जनमत कौलाचाही हिशेब वर्गात करून घ्यायचो. मुक्तीपासून १६ जानेवारी १९६७पर्यंत ५ वर्षं आणि २८ दिवस, म्हणजे १८५४ दिवस. बाकी सहा, वार सोमवार.

आजच्या तारखेचं एक उदाहरण शेजारच्याच घरात आहे. आमच्या शेजारीणबाई आज सरकारी नोकरीतून निवृत्त होताहेत. जन्म १ फेब्रुवारी १९६५. मूलभूत नियम ५६प्रमाणे साठ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, पण जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. कारण जन्माचा दिवस पूर्ण धरला की साठावं वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच भरतं. त्यांच्याबरोबरची बाई २ फेब्रुवारीची, ती २८ फेब्रुवारीला निवृत्त होईल. जन्मात एका दिवसाचा फरक, नोकरीत एका महिन्याचा. निरोपाच्या कार्यक्रमाला मी आताच निघालो आहे.

मडगावची_सुमी
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, दुपारी १.२०

मास्तर, वार जुळवायची युक्ती मुलीला दाखवली, तिने लगेच वहीत उतरवून घेतली.

एक भर घालते. 'चोवीस तासांनी' आणि 'उद्या याच वेळी' हेही नेहमी एक नसतं. बहीण लिस्बनला असते. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात, तो दिवस २३ तासांचाच असतो. हिवाळ्यात ते आपल्यामागे साडेपाच तास असतात, उन्हाळ्यात साडेचार. तिच्या औषधाच्या वेळा मी इथून फोनवर सांगते, म्हणून हे लक्षात ठेवावं लागतं.

बखरप्रेमी
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, दुपारी ४.४५

जुन्या तारखांना हात घालणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. एक्सेल १९००च्या मागे जातच नाही, आणि १९०० हे वर्षही तो चुकीने लीप धरतो. पण खरी अडचण कॅलेंडरचीच आहे. १५८२मध्ये पोप तेराव्या ग्रेगरींनी सुधारणा केली. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगालने ती तेव्हाच स्वीकारली, इंग्लंडने १७५२ साली. त्यामुळे संभाजीराजांच्या १६८३च्या गोव्याच्या स्वारीबद्दल पोर्तुगीज कागद आणि मुंबईच्या इंग्रजांचे कागद शेजारी ठेवले तर एकाच दिवसाला दहा दिवसांच्या फरकाच्या दोन तारखा दिसतात. कुणी खोटं लिहिलेलं नसतं. शिवरायांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या गणनेची, नव्या गणनेने ती १ मार्च येते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ही जुन्याच गणनेची.

शकावरून सन काढतानाही तेच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ म्हणजे १६७४, इथे ७८ मिळवले. पण फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ म्हणजे १६३०, इथे ७९. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, इंग्रजी वर्ष मधेच पौषाच्या आसपास बदलतं, म्हणून पौष-माघ-फाल्गुनाकडे बघून ठरवावं लागतं.

मास्तरांच्या रीतीने मीही एक हिशेब केला. आल्बुकर्कने गोवा घेतला २५ नोव्हेंबर १५१०ला, संत कॅटरिनाच्या दिवशी. तिथून मुक्तीपर्यंत सरळ वजाबाकी केली तर ४५१ वर्षं आणि २४ दिवस. पण १५१०ची तारीख जुन्या गणनेची आहे, नव्या गणनेने ती ५ डिसेंबर. म्हणजे खरे ४५१ वर्षं आणि १४ दिवस, एकूण १,६४,७३९ दिवस. सातने भागून बाकी १. मुक्तीच्या मंगळवारच्या मागे एक वार, सोमवार. २५ नोव्हेंबर १५१० सोमवारच होता. पोर्तुगिजांच्या राज्याचा हिशेब करताना ते दहा दिवस आपण त्यांच्या पदरात का टाकायचे?

माशेलची_माय
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, सायंकाळी ६.१०

तिथीने मोजणाऱ्यांसाठी चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं सांगते. २०२३ला १९ सप्टेंबर, २०२४ला ७ सप्टेंबर, यंदा २७ ऑगस्ट. दोन्ही वेळा मध्ये ३५४ दिवस. पुढच्या वर्षी मात्र १४ सप्टेंबर, मध्ये ३८३, कारण २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे. चवथीला सुट्टी मागणाऱ्या पोरांनी 'दरवर्षी अकरा दिवस अलीकडे' एवढ्यावर विसंबू नये.

एकोणीस वर्षं मागे मात्र जावं. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात आणि तिथी-तारखेची गाठ पुन्हा जवळपास तीच पडते. २००५ची चवथ ७ सप्टेंबरला होती, २००६ची २७ ऑगस्टला. २००७ची १५ सप्टेंबर, तिथे एका दिवसाचा फरक पडतो. यजमानांचं श्राद्ध मात्र मी पंचांग बघितल्याशिवाय ठरवत नाही. तिथीचा क्षय होतो, कधी ती दोन दिवस असते, तिथे बोटं मोजून चालत नाही.

डिचोलीची_अनघा
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, रात्री ८.५०

मामा साडेआठलाच दुकानासमोर उभे होते. अपील आणि विलंब माफीचा अर्ज दोन्ही टाइप केले. कारणात लिहिलं, "मुदतीची गणना करताना टंकलेखकाकडून चूक झाली", आणि सोबत माझं सहीचं पत्र जोडलं. मामा नको म्हणत होते, पण चूक माझी होती. दुकान दोन तास बंद ठेवून त्यांच्याबरोबर गेले. आवक शिक्का आजचा, ३१ जानेवारीचा मिळाला.

दुपारी एक भाडेकरार आला, अकरा महिन्यांचा, १ फेब्रुवारीपासून. आधी मी १ जानेवारीपर्यंत असं टाइप करत असे. आज ३१ डिसेंबरपर्यंत केला, कारण दोन्ही टोकं धरलेली असतात.

वकीलदादा, मास्तर, आता हा हिशेब तपासा. पहिल्या अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, वाढवला तर दाखल केल्यापासून ४५ दिवसांत द्यायचा असतो. ३१ जानेवारी सोडली. फेब्रुवारीचे २८, वर दोन, म्हणून २ मार्च. पंचेचाळीस दिवस म्हणजे १७ मार्च. पडताळा: तीसची बाकी दोन, शुक्रवारपुढे दोन म्हणजे रविवार. पंचेचाळीसची बाकी तीन, सोमवार. कॅलेंडरवर दोन्ही वार जुळतात.

मास्तर_पेडणे
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, रात्री ९.०५

दोन्ही बरोबर.

काळा_कोट_म्हापसा
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, रात्री ९.३०

बरोबर. २ मार्चला रविवार आहे. कार्यालयात करायच्या गोष्टीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १०प्रमाणे पुढचा कामाचा दिवस धरतात, म्हणून ३ मार्चपर्यंत वाट पाहा. मामांना कागदावर दोन तारखा मोठ्या अक्षरात लिहून द्या, ३ मार्च आणि १७ मार्च, वारासकट.